वळायचं ते राहू-केतूपाशी

ऑर्बिटरसारख्या अंतराळ-उड्डाणाच्या सिम्युलेटरमध्ये मंगळाकडे निघालेला नवखा वैमानिक नकाशा वरून पाहतो. यानाचा मार्ग मंगळाच्या कक्षेला नेमका टेकलेला असतो. तोच नकाशा आडवा करून पाहिला की कळतं, यान मंगळाच्या लाखो किलोमीटर खालून निघून जाणार आहे. मंगळाची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी अवघी 1.85 अंश कललेली आहे. पण सूर्यापासून सुमारे 23 कोटी किलोमीटरवर तेवढ्यानेही 70 लाख किलोमीटरपर्यंत फरक पडतो.

प्रत्येक कक्षा एका सपाट पातळीत असते, ते तिचं प्रतल. दोन कक्षांची प्रतलं एका रेषेत छेदतात. त्या रेषेवरचे दोन बिंदू म्हणजे पात. चंद्रकक्षेचे पात पंचांगात राहू-केतू म्हणून आपल्या ओळखीचे आहेतच. प्रतल एका झटक्यात जुळवायचं तर ते पातावरच. यान लक्ष्याचं प्रतल ओलांडून वर चाललं असेल तर इंजिनाचा जोर कक्षेला लंब, खालच्या दिशेने द्यायचा. खाली चाललं असेल तर वरच्या. इंजिन जितका वेळ चालवायचं, त्याच्या निम्मा वेळ पाताआधीच ते सुरू करायचं.

इथे वेग वाढत नाही, नुसती दिशा बदलते, तरी इंधन भरपूर जातं. पृथ्वीलगत यान सेकंदाला 7.8 किलोमीटर धावतं. त्याला 10 अंश वळवायला सेकंदाला जवळपास 1.4 किलोमीटर वेगबदल (वळण्यासाठी इंजिनाने आडवा द्यायचा वेग) लागतो, 60 अंशांना पूर्ण 7.8! म्हणून उड्डाणाआधी थांबणं मला सर्वांत शहाणपणाचं वाटतं. पृथ्वी फिरता फिरता उड्डाणतळाला हव्या त्या प्रतलाखाली आणते, फक्त त्या प्रतलाचा कल तळाच्या अक्षांशाहून कमी नसावा.

खरा चकवा पुढे आहे. प्रवासाचं प्रतल तीन बिंदूंवरून ठरतं: सूर्य, निघतानाची पृथ्वी, पोहोचतानाचा मंगळ. सूर्याभोवती अर्धी फेरी घेणारा मार्ग कागदावर सर्वांत स्वस्त. पण तेव्हा पृथ्वीच्या नेमका समोर असलेला मंगळ तिच्या प्रतलाच्या जरासा जरी वर असला, तरी तिन्ही बिंदूंतून जाणारं प्रतल काटकोनात उभं राहतं! उपाय साधा आहे: पृथ्वीच्याच प्रतलात निघायचं आणि मंगळ गाठण्याच्या पाव फेरी आधी थोडंसं वळायचं.

युलिसिस यानाला तर सूर्याचे ध्रुव पाहायचे होते. 1992 मध्ये गुरूच्या गुरुत्वाकर्षणाने त्याची कक्षा सुमारे 80 अंश कलवली. पृथ्वीच्या कक्षेत केवळ इंजिनाने ते करायला सेकंदाला 38 किलोमीटर वेगबदल लागला असता.