कंपनीचं लायसन आणि आपल्या नावाचा परवाना

परदेशी नोकरीच्या बोलण्यात हत्याराचा विषय निघाला की एजंटचं ठरलेलं उत्तर असतं, "काळजी नको, कंपनीकडे लायसन आहे." खेड-दापोलीपासून देवगड-मालवणपर्यंत माणसं गल्फला जातात, बोटीवर जातात, हल्ली आफ्रिकेतल्या खाणी-कारखान्यांवरही जातात. बहुतेकांना आयुष्यात कधी पिस्तुलाला हात लावावा लागत नाही. पण सिक्युरिटीचं काम, कॅश नेणारी गाडी, आडरानातली साइट किंवा चाचेगिरीच्या पट्ट्यातून जाणारं जहाज नशिबी आलं की हा प्रश्न पुढ्यात येतो, आणि एजंटच्या त्या उत्तराने दोन निराळे कागद एकच वाटायला लागतात. एक कंपनीला हत्यारं ठेवायची परवानगी देतो, दुसरा एका माणसाला ते हत्यार अंगावर बाळगू देतो. पहिला असून दुसरा नसला, तर ज्याच्या कमरेला पिस्तूल सापडलं त्याला बेड्या पडतात. मॅनेजर त्या वेळी ऑफिसात असतो.

खरं तर कोकणातल्या माणसाला हे कळायला जड जाऊ नये. डुकरं-माकडांपासून शेतीबागायत राखायला इथे कितीतरी घरांत ठासणीची बंदूक आहे. तिच्या लायसनवर कोणाचं नाव, कोणती बंदूक, कशासाठी आणि कोणत्या हद्दीत, हे सगळं लिहिलेलं असतं. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करायचा निरोप येतो. बंदूक वडिलांच्या नावावर असेल तर मुलाने ती घेऊन बाजारात मिरवायची नाही, हे गावात पोरांनाही ठाऊक असतं. लायसनदाराच्या वतीने दुसऱ्याने हत्यार बाळगायचं तर आपल्या कायद्यातही त्याचं नाव रिटेनर म्हणून लायसनवर चढवावं लागतं. शस्त्र अधिनियम 1959 चा, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदुकीला साधारणपणे किमान 2 आणि कमाल 5 वर्षं शिक्षा आहे.

मग परदेशात गोंधळ का होतो? एक कारण मला असं दिसतं की आपल्याकडचा बँकेच्या दारातला गार्ड पुष्कळदा माजी सैनिक असतो आणि बंदूकही त्याची, लायसनही त्याचंच. माणूस, हत्यार आणि कागद एकाच ठिकाणी. बाहेर हत्यार कंपनीचं, लायसन कंपनीचं, माणूस मात्र दुसऱ्या देशातून कंत्राटावर आलेला. त्याचा स्वतःचा कागद कुठे आहे, हे विचारायचं कोणाच्या डोक्यात येत नाही. शिवाय नव्या नोकरीत पहिल्याच आठवड्यात साहेबाला कागद मागायचा म्हणजे जिभेवर येतं आणि राहतं.

दक्षिण आफ्रिकेचं उदाहरण यात सगळ्यात स्वच्छ आहे. तिथल्या 2000 सालच्या बंदूक कायद्यात कंपनीला धंद्यासाठी वेगळं लायसन मिळतं आणि माणसाला वेगळं पात्रता प्रमाणपत्र लागतं. हे प्रमाणपत्र तिथल्या नागरिकाला किंवा कायम वास्तव्याचा परवाना असलेल्यालाच देतात. म्हणजे वर्क व्हिसावर गेलेल्या आपल्या माणसाकडे तो कागद नसणारच. कंपनीचं लायसन कितीही खरं असो, साहेबाने "आज कॅशबरोबर तू जा" म्हणून हातात पिस्तूल दिलं तर गुन्हा तिथेच घडला. नायजेरियात पिस्तूल-रिव्हॉल्व्हर बंदी असलेल्या हत्यारांच्या यादीत येतात आणि त्यासाठी थेट राष्ट्राध्यक्षांच्या अखत्यारीतला परवाना लागतो. बेकायदा बंदुकीबद्दल तिथे किमान 10 वर्षं कैदेचीही तरतूद आहे. अशा ठिकाणी फोरमन म्हणून गेलेल्याला स्थानिक माणूस सांगतो, "इथे सगळेच ठेवतात, जवळ असू दे." सगळे ठेवत असतीलही. नाक्यावर गाडी अडवली की परक्या पासपोर्टवाल्याची झडती आधी होते.

गल्फचं थोडक्यात सांगतो, कारण तिथे हा प्रसंग क्वचितच येतो. दुबईच्या मॉलमधला गार्ड निःशस्त्रच असतो. अमिरातीत हत्यारांसाठी 2019 चा स्वतंत्र कायदा आहे आणि हत्यार घेणं, बाळगणं, देशात आणणं, प्रत्येकाला परवाना लागतो. सिंगापूरला मात्र बोटीवरच्या प्रत्येकाने जपावं. तिथे नुसतं बेकायदा हत्यार जवळ सापडलं तरी 5 ते 10 वर्षं कैद आणि पुरुषांना किमान 6 फटके. चालवलं तर फाशी.

बोटीवर आणखी एक भानगड होते. खोल समुद्रात जहाजावर ज्या देशाचा झेंडा त्याचा कायदा चालतो. किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांच्या आत, म्हणजे साधारण 22 किलोमीटरवर आलं, की किनाऱ्याच्या देशाचाही हात पोचतो. गार्डना दिलेली कागदपत्रं झेंड्याच्या देशाची असतात, पण अटक करायला येतो तो किनाऱ्यावरचा पोलीस. याचं सगळ्यात बोलकं उदाहरण आपल्याच देशातलं आहे. ऑक्टोबर 2013 मध्ये तमिळनाडूच्या तुतिकोरिनला 'सीमन गार्ड ओहायो' हे जहाज अडवलं गेलं. व्यापारी जहाजांना चाचांपासून सशस्त्र राखण देणाऱ्या एका अमेरिकी कंपनीचं ते जहाज, झेंडा सिएरा लिओनचा. त्यावर 35 माणसं, 35 बंदुका आणि साडेपाच हजारांहून जास्त काडतुसं. माणसांत ब्रिटिश होते, एस्टोनियाचे होते, युक्रेनचे होते आणि 12 भारतीयही होते. हत्यारं कंपनीची आहेत, कागद आहेत, असंच सगळे सांगत होते. जानेवारी 2016 मध्ये तुतिकोरिनच्या कोर्टाने सगळ्यांना प्रत्येकी 5 वर्षांची शिक्षा सुनावली. नोव्हेंबर 2017 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने त्यांना निर्दोष सोडलं. सुटले, हे खरं. पण जहाज अडवल्यापासून चार वर्षं गेली, ती कोणी परत देत नाही. परदेशी माणूस आपल्या कायद्यात असा अडकतो, तर आपला माणूस त्यांच्या कायद्यात तसाच अडकेल, हे उलटून बघितलं की कळतं.

अमेरिकेत तर कंपनीचा संबंधच येत नाही, आणि तिथेच आपली शिकलेली मुलं जास्त फसू शकतात. त्या देशात बंदूक दुकानात मिळते, म्हणून ती आपल्यालाही चालते असं वाटतं. पण तिथल्या केंद्रीय कायद्यानुसार बिगरस्थलांतरित, म्हणजे कायम राहण्यासाठी नसलेल्या, व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतुसं बाळगायलाच मनाई आहे. नोकरीचा एच-वन-बी आणि खलाशांचा सी-वन-डी, दोन्ही त्यातच आले. शिकारीचा वैध परवाना असण्यासारखे काही अपवाद आहेत, ग्रीन कार्डवाल्यांना ही बंदी लागू नाही. बंदूक स्वतःच्या मालकीची असायला हवी असंही नाही. मित्राच्या पिस्तुलाने नेमबाजीच्या रेंजवर चार गोळ्या झाडणं आणि तो फोटो इन्स्टाग्रामला टाकणं म्हणजे पोलिसांसाठी स्वतःच पुरावा तयार करून ठेवणं. 2022 पासून यात 15 वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते आणि बंदुकीच्या गुन्ह्यावरून देशाबाहेर काढण्याची तरतूद वेगळीच.

स्वतःचं भारतातलं लायसन असलेल्यांचा समज आणखी वेगळा. रत्नागिरी किंवा ओरोसच्या जिल्हाधिकारी कार्यालयाने दिलेला कागद भारताबाहेर चालत नाही. हत्यार देशाबाहेर न्यायचं तर निर्यातीचा वेगळा परवाना, उतरायच्या देशाची परवानगी आणि मध्ये विमान बदलायचं असेल तर त्या देशाचीही. गावी बागेत वापरलेली सॅक घेऊन परदेशी निघणाऱ्यांनी तिच्या सगळ्या खिशांत हात घालून बघावं. एक विसरलेलं काडतूस विमानतळावर सापडलं तर आपल्याकडची न्यायालयं माणसाला त्याची जाणीव होती का, हे तपासतात आणि जाणीव नव्हती असं दिसलं तर गुन्हे रद्दही केलेत. दुसऱ्या देशात उतरून सापडलं तर असा विचार होईल यावर विसंबू नये.

नोकरी ठरवताना एजंटकडून काय घ्यायचं? कंपनीच्या लायसनची झेरॉक्स तो आनंदाने देईल, त्याने काही सिद्ध होत नाही. कामाच्या कंत्राटात पद काय लिहिलंय ते बघा. व्हिसावर 'हेल्पर' आणि हातात पिस्तूल, असं असेल तर कंपनीचा कागद तुमच्या उपयोगाचा नाही. आपलं नाव, पासपोर्ट नंबर आणि हत्याराचा नंबर एकाच सरकारी कागदावर आहे का, ते विचारा. बोटीवर जाणाऱ्यांनी एजन्सीचं आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरती करायचं सरकारी लायसन, इतरांनी एजंटची परदेश मंत्रालयाकडची नोंदणी तपासावी. आपल्या नावाचा हत्याराचा कागद येईपर्यंत ड्यूटी निःशस्त्र द्या, असं लेखी कळवा. साइटवर हत्यार देताघेताना रजिस्टर असतं, त्यात सही करण्याआधी नंबर जुळवून बघा आणि शिफ्ट संपली की परत केल्याची सही घेतल्याशिवाय खोलीवर जाऊ नका. अटक झालीच तर आपल्या दूतावासाला कळवा, ही मागणी पहिल्या क्षणापासून करायची. 1963 च्या व्हिएन्ना करारात तो हक्क आहे. दूतावास वकील शोधायला मदत करतो आणि घरी निरोप पोचवतो. जामीन मिळवून देणं त्याच्या हातात नसतं.