शिष्यवृत्तीवाले उभे राहा

सातवीत असताना तिसऱ्या तासाला शिपाईमामा सूचनावही घेऊन वर्गात यायचे. सहल, चाचणी, फी असलं काही असेल तर कुणी मान वर करत नसे. पण अधूनमधून बाई वही वाचून म्हणायच्या, "शिष्यवृत्तीवाले उभे राहा." आठ-नऊ जण उभे राहायचे. बाई यादीशी नावं ताडून बघायच्या आणि कुणाचा जातीचा दाखला यायचा राहिलाय ते तिथेच, सगळ्यांसमोर सांगायच्या. माझ्या बाकावरचा मित्र त्यांतलाच एक. बाईंच्या मनात वाईट काही नव्हतं, त्यांना काम उरकायचं होतं. सकाळी आम्ही सगळ्यांनी एका सुरात प्रतिज्ञा म्हटलेली असायची.

आपण कोण आणि इथले आहोत की नाही, हे मूल नागरिकशास्त्राच्या धड्यातून कमी शिकतं आणि अशा कारकुनी प्रसंगांतून जास्त, असं माझं मत आहे. एरवी ते माझ्यापाशीच ठेवलं असतं. पण या प्रसंगाशी बराच जुळणारा एक प्रयोग झालेला आहे.

कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या अर्थतज्ज्ञांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांमधले सहावी-सातवीतले ६४२ मुलगे घेतले. निम्मे उच्च मानल्या जाणाऱ्या जातींचे, निम्मे दलित. मुलांना कागदावरची वाट शोधायची कोडी दिली. मासिकांत 'सशाला गाजरापर्यंत पोहोचवा' असतं ना, तशीच. जितकी कोडी सुटतील त्या हिशेबाने पैसे मिळणार होते. जातीचा उल्लेखच झाला नाही, तेव्हा दोन्हीकडची मुलं सारखीच निघाली. मग दुसऱ्या गटांत सुरुवातीला प्रत्येकाचं नाव, गाव, वडिलांचं नाव आणि जात मोठ्याने वाचली गेली. कोडी तीच, वेळ तेवढाच, पण दलित मुलांची कामगिरी घसरली. मुलांना जात आधीही ठाऊक होतीच. फरक पडला तो ती चारचौघांत वाचली गेल्यामुळे.

घसरली कशाने? सहज सुचणारं उत्तर म्हणजे मुलं बावरली, हात कापले. तेही असेल. पण पुढचा भाग मला जास्त बोलका वाटतो. बक्षीस कुणाला द्यायचं हे सोडतीवर, म्हणजे निव्वळ नशिबावर सोपवलं, तेव्हा जात जाहीर होऊनही दोन गटांतली दरी नाहीशी झाली. म्हणजे हिशेब असा असावा: माणूस निवाडा करणार असेल तर तो माझ्या बाजूने होणार नाही, मग डोकं कशाला शिणवा? अकरा-बारा वर्षांच्या पोराने हा हिशेब कुठून आणला, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

आणखी एक गंमत. जातवार वेगवेगळं बसवून जात जाहीर केली, तेव्हा उच्चवर्णीय मुलांचंही काम खालावलं. आपलं स्थान पक्कं आहे याची आठवण झाली की धडपड कमी होत असावी. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत भीमराव आंबेडकरांचं नाव दाखल झालं. शाळेत बसायला त्यांना वेगळं गोणपाट घरून न्यावं लागे आणि परत आणावं लागे. त्या व्यवस्थेत बाकीची पोरंही काहीतरी शिकत होतीच.

आपण कोण, इथले आहोत की नाही या जाणिवेचा कामगिरीवर काय परिणाम होतो, यावर अमेरिकेत ढीगभर संशोधन झालं. त्यातले काही गाजलेले निष्कर्ष पुन्हा तपासताना तितकेसे टिकले नाहीत, त्यामुळे एका प्रयोगावर इमले बांधू नयेत. पण २०२३ साली 'सायन्स' या संशोधन नियतकालिकात आलेला अभ्यास दणदणीत आहे: २२ कॉलेजं, सुमारे २७ हजार विद्यार्थी. नव्या विद्यार्थ्यांना जुन्यांचे अनुभव वाचायला दिले. सुरुवातीला सगळ्यांनाच परकं वाटतं, पुढे रुळतो, एवढाच त्यांचा आशय. अर्ध्या तासाच्या या कामाने पहिलं वर्ष पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण वाढलं, पण सगळीकडे नाही. विद्यार्थी ज्या सामाजिक गटातला, त्या गटाला जिथे खरोखर सामावून घेतलं जात होतं, तिथेच. बाकी ठिकाणी त्या गोष्टी वाचून काही हाती लागलं नाही. 'तू आमचाच आहेस' असं सांगून भागत नाही; मूल ते वर्गात ताडून बघतं.

माझा मित्रही बघत असावा. दिवाळीनंतर सूचनावही दाराशी दिसली की तो पाणी प्यायला जाऊ का म्हणून हात वर करायचा. "सारखी कसली रे तहान लागते तुला?" असं बाई ओरडायच्या आणि जाऊ द्यायच्या. त्या वर्षी त्याचा फॉर्म मुदतीत गेला नाही.