खापर समाजावर फोडणं नव्हे

समाजशास्त्रीय कल्पनाशक्ती म्हणजे माणसाच्या चुकांचं खापर समाजावर फोडणं, हा समज जुना आणि साफ चुकीचा. ती म्हणजे एकेकाची अडचण आणि समाजाची रचना यांतला संबंध पाहण्याची दृष्टी. १९५९ साली ही संकल्पना मांडणारे अमेरिकी समाजशास्त्रज्ञ सी. राइट मिल्सच सांगतात: लाखाच्या शहरात एकच जण बेकार असेल, तर त्याचा स्वभाव, त्याचं कौशल्य तपासा. पाच कोटी कामगारांत दीड कोटी बेकार असतील, तर प्रश्न व्यवस्थेचा.

नवी मुंबईत सर्रास ऐकू येतं, ‘गाववाल्यांनी जमिनीचे पैसे उडवले.’ एखाद्यानं उडवलेही असतील. पण हे शहर वसवायला ९५ गावांच्या जमिनी सरकारी संपादनात आल्या. ज्या शेतमजुराचं, मिठागरातल्या मजुराचं सातबाऱ्यावर नावच नव्हतं, त्यानं काय उडवलं? १९८४च्या जासईच्या (उरण तालुका) शेतकरी आंदोलनात पाच जणांचा जीव गेला, तेव्हा कुठे पुढे साडेबारा टक्के भूखंडांची, म्हणजे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतके विकसित भूखंड मूळ जमीनमालकांना परत देण्याची योजना आली.