हातपाय गळतात तेव्हा मेंदूत काय चाललेलं असतं

गेल्या महिन्यात कोल्हापूरला बहिणीकडे गेले होते. भाचा मेकॅनिकल इंजिनिअर, निकाल लागून अकरा महिने झालेले. दुपारचे साडेबारा वाजले तरी अंघोळ न करता कॉटवर आडवा, मोबाईल छातीवर पालथा. बहीण स्वयंपाकघरातून त्याला ऐकू जाईल इतपत आवाजात मला म्हणाली, "आधी दिवसाला दहा-दहा अर्ज करायचा गं. आता लॅपटॉप उघड म्हणूनही सांगावं लागतं. बसून बसून सवय लागलीय त्याला."

"सवय लागलीय" हे शब्द परतीच्या एसटीत माझ्या डोक्यातून जाईनात. कारण मानसशास्त्रही बरीच वर्षं साधारण हेच म्हणत होतं: नुसतं बसून राहणं माणूस परिस्थितीकडून शिकतो. पुढे ज्या दोघांनी हे सांगितलं होतं, त्याच दोघांनी पन्नास वर्षांनी लिहिलं, की आमचं म्हणणं नेमकं उलटं होतं. विज्ञानातल्या मला अतिशय आवडणाऱ्या गोष्टींपैकी ही एक आहे, आणि नोकरी शोधणाऱ्या प्रत्येक घराला ती माहीत असायला हवी असं मला मनापासून वाटतं.

ते दोघे म्हणजे मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर. १९६७ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात त्यांनी कुत्र्यांवर प्रयोग केला. प्रयोग क्रूर होता, हे आधीच सांगते. कुत्र्यांचे तीन गट. पहिल्या गटाला विजेचे झटके बसत, पण डोक्याने बाजूची पट्टी दाबली की झटका थांबे. दुसऱ्या गटाच्या कुत्र्यांना अगदी तेवढेच आणि तेवढाच वेळ झटके, पण त्यांनी काहीही केलं तरी फरक पडत नसे. तिसऱ्या गटाला झटके नाहीतच. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना अशा पेटीत ठेवलं, जिथे मधलं बुटकं आडवं फळकूट ओलांडलं की सुटका होती. पहिला आणि तिसरा गट पटापट उड्या मारून पलीकडे गेला. दुसऱ्या गटातले बहुतेक कुत्रे मात्र जागच्या जागी झटके सोसत बसले. सुटकेची वाट समोरच होती आणि ते तिकडे गेले नाहीत.

लक्षात घ्या, दोन्ही गटांना त्रास सारखाच झाला होता. फरक होता तो फक्त 'मी काही केलं तर काही होतं का' एवढ्याचाच. संशोधकांनी अर्थ लावला: दुसरा गट 'माझ्या हातात काही नाही' हे शिकला. या अवस्थेला नाव पडलं शिकलेली हतबलता. पाठ्यपुस्तकांत ते बसलं आणि तिथून व्याख्यानांत, व्हिडिओंत, घराघरांत आलं.

मायर पुढे मेंदूविज्ञानाकडे वळले आणि कोलोरॅडो विद्यापीठात उंदरांवर काम करू लागले. रचना तीच. फक्त पट्टीच्या जागी छोटं चाक: एका उंदराने चाक फिरवलं की शेपटीला बसणारा झटका थांबतो, दुसऱ्या उंदराचा झटकाही तेव्हाच थांबतो, पण त्याचं स्वतःचं चाक कशालाच जोडलेलं नसतं, नुसतंच फिरतं. आता या दोघांच्या मेंदूत डोकावू. इथे दोन-तीन अवघड नावं येतील, थोडी कळ काढा.

मेंदूच्या तळाशी, जिथे तो मज्जारज्जूकडे निमुळता होत जातो, त्या मेंदूस्तंभात मधोमध पेशींचा एक पुंजका आहे: डॉर्सल रॅफे न्यूक्लियस. आपण त्याला रॅफे म्हणू. मेंदूच्या पुढच्या भागांना सेरोटोनिन, म्हणजे पेशींमधले निरोप पोचवणारं एक रसायन, पुरवणारं हे एक मोठं केंद्र. त्रास सुरू झाला आणि लांबला, की रॅफे जोरात काम करू लागतं. त्याचं सेरोटोनिन एकीकडे भीती हाताळणाऱ्या अमिग्डालात पोचतं आणि चिंता वाढवतं. दुसरीकडे, लढा किंवा पळा असा हुकूम देणाऱ्या भागाला दाबून टाकतं. परिणाम काय? जीव आतून घाबरलेला आणि बाहेरून निपचित. (सेरोटोनिनला 'आनंदाचं रसायन' म्हणून गोळ्या-पावडरी विकणाऱ्यांनी हे वाचावं. मेंदूतलं कुठलंच रसायन एका भावनेचं नसतं. ते कुठे सुटलं, यावर सगळं अवलंबून असतं.)

मायर यांच्या गटाला दिसलेली गंमत अशी, की रॅफेला 'सुटका नाही' हे कळायची गरजच नसते. नुसता लांबलेला त्रास त्याला पुरतो. म्हणजे निपचित होणं ही मेंदूची मूळची, न शिकलेली प्रतिक्रिया. मग चाक फिरवणारा उंदीर त्यातून सुटतो कसा? त्याच्या कपाळामागचा, मधल्या रेषेलगतचा भाग, मीडियल प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, हे हेरतो की मी चाक फिरवलं आणि झटका थांबला. हे एकदा हेरलं की तिथून एक मज्जातंतू-मार्ग थेट रॅफेपर्यंत जातो आणि त्याला गप्प करतो.

मला सगळ्यात आवडतो तो यातला बारकावा. कपाळामागून रॅफेकडे जाणाऱ्या पेशी स्वतः उत्तेजित करणाऱ्या आहेत, त्या ग्लुटामेट हे चेतवणारं रसायन सोडतात. मग रॅफे शांत कसं होतं? तर त्या सेरोटोनिनवाल्या पेशींना हात न लावता, शेजारच्या, गाबा हे शांत करणारं रसायन सोडणाऱ्या छोट्या पेशींना जागं करतात, आणि त्या छोट्या पेशी सेरोटोनिनवाल्यांना आवरतात. वर्गात गोंधळ झाला की मुख्याध्यापिका स्वतः न ओरडता मॉनिटरला खूण करतात, तसं.

हे खरं कशावरून? २००५ साली याच गटाने उंदराच्या कपाळामागचा तो भाग औषधाने तात्पुरता बंद केला आणि मग त्याला चाक दिलं. उंदीर चाक फिरवत होता, झटके थांबवतही होता, तरी दुसऱ्या दिवशी तो हतबल उंदरासारखाच वागला. ताबा होता, पण मेंदूने तो नोंदवला नव्हता. नंतर उलटं करून पाहिलं: चाक निकामी, पण तो भाग औषधाने चेतवलेला. हा उंदीर हतबल झाला नाही. २०१६ साली मायर आणि सेलिगमन यांनी मिळून लिहिलेल्या लेखात कबुली दिली, की हतबलता शिकावी लागत नाही. शिकायचा असतो तो ताबा.

आता पुन्हा कॉटवरच्या मुलाकडे. त्याला कसलीही सवय लागलेली नाही. लांबलेल्या अनिश्चिततेला त्याचा मेंदू जन्मजात उत्तर देतो आहे. उंदरावरून माणसावर उडी मारताना जपून मारली पाहिजे, पण माणसांचे पुरावेही आहेत. ग्लास आणि सिंगर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी साठ-सत्तरच्या दशकांत लोकांना अधूनमधून कर्कश आवाज ऐकवले. काहींच्या हाताशी आवाज बंद करायचं बटण होतं. शक्यतो दाबू नका, असं त्यांना सांगितलं होतं. बहुतेकांनी ते दाबलंही नाही. तरीही नंतरच्या कामात बटणवाले अधिक चिकाटीने टिकले.

१९३०च्या सुमाराला ऑस्ट्रियातल्या मारिएनथाल गावातली कापडगिरणी बंद पडली आणि जवळपास सगळं गाव बेकार झालं. मारी याहोदा, पाउल लाझार्सफेल्ड आणि हान्स झायझल या समाजसंशोधकांच्या गटाने तिथे जाऊन बारीक नोंदी केल्या. वेळच वेळ असूनही वाचनालयातून पुस्तकं नेणं निम्म्याच्या आसपास घसरलं होतं. बहुतेक पुरुष घड्याळ बाळगेनासे झाले होते. संशोधकांनी रस्त्यावरून चालायचा वेगही मोजला: पुरुष रेंगाळत, पुन्हा पुन्हा थांबत, बायका बऱ्याच झपाझप चालत. बेकार दोघंही होते. पण बायकांच्या हातात घर होतं: चूल पेटवली की अन्न शिजत होतं, फाटकं शिवलं की अंगावर घालता येत होतं. त्यांचं चाक जोडलेलं होतं, असं मी त्याचं वाचन करते.

नोकरीच्या अर्जाचं चाक मात्र जोडलेलं नसतं. २०२३च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी दहा लाखांच्या वर अर्ज आले. खासगी कंपन्यांच्या पोर्टलवर तर नकारही येत नाही, 'अर्ज विचाराधीन' ही ओळ महिनोन्‌महिने तशीच. अशा वेळी 'तू फक्त जिद्द ठेव' म्हणणारे व्हिडिओ दाखवणं म्हणजे न जोडलेलं चाक आणखी जोरात फिरव म्हणणं. बहिणीने तर साडेसाती सांगणाऱ्याकडून निळा खडाही आणला होता. शनीला सूर्याभोवती फिरायला सुमारे साडेएकोणतीस वर्षं लागतात, म्हणजे एका राशीला अडीच वर्षं. आपली रास आणि तिच्या अलीकडची-पलीकडची धरून साडेसात. याचाच अर्थ कोणत्याही दिवशी बारापैकी तीन राशींना साडेसाती असते, ढोबळमानाने दर चौथ्या माणसाला. त्या चौथ्या माणसांतले हजारो जण आज नोकरीवर रुजू होत असतील. आईची काळजी मला कळते. पण बोटातल्या खड्याने 'मी केलं आणि झालं' ही नोंद मेंदूत होत नाही.

मग काय करायचं? याच उंदरांवरचा आणखी एक निष्कर्ष इथे कामाला येतो. ज्या उंदराला आधी चाकाचा ताबा मिळाला होता, त्याला काही दिवसांनी अगदी वेगळ्या त्रासात, आडदांड उंदराच्या पिंजऱ्यात, टाकलं तरी तो तितका खचला नाही. ताबा एका कामात मिळाला, संरक्षण दुसऱ्या कामात मिळालं. म्हणून शोधाच्या काळात दिवसातलं एक तरी काम असं हवं, ज्याचा परिणाम त्याच दिवशी डोळ्यांना दिसतो. आणि शोधातसुद्धा मोजायचं ते आपल्या हातातलं: किती फोन आले, यापेक्षा ओळखीच्या किती जणांना आज फोन केला. मिशिगन विद्यापीठात १९८०च्या दशकात बेकारांसाठी जो कार्यक्रम आखला गेला, त्यात नकार येणार हे गृहीत धरून 'आला तर पुढचं पाऊल काय' याची आधीच तालीम करून घेत. अशा कार्यक्रमांच्या ४७ अभ्यासांचा २०१४ साली एकत्रित आढावा घेतला गेला. मुलाखतीची, अर्जाची कौशल्यं आणि मनाची उभारी दोन्ही एकत्र दिली, तिथे ते उपयोगी ठरले.

त्या मुक्कामात मी भाच्याला काही समजावलं नाही. बहिणीची घरघंटी दोन महिने खडखड करत बंद होती, ती उघडायला सांगितली. तासाभराने तो पिठाने माखलेल्या हातात बेअरिंग घेऊन आला आणि म्हणाला, "मावशी, हे बघ, नुसतं बोटाने फिरवलं तरी खरखर लागतंय. ६२०२ आहे, मिळेल इथे." संध्याकाळी स्वतः जाऊन घेऊन आला. रात्री साडेनऊला घंटी सुरू झाली, तेव्हा त्याने पिठात बोट घालून ते बराच वेळ चिमटीत चोळून पाहिलं.

एका भाच्यावरून काही सिद्ध होत नाही, हे मला माहीत आहे. नोकरीचा फोनही अजून आलेला नाही. परवा त्याने एक फोटो पाठवला: कॉटशेजारच्या भिंतीला चिकटवलेला कागद, त्यावर रोज केलेल्या फोनच्या उभ्या रेघा, आणि खाली जमिनीवर शेजारच्या काकूंची घरघंटी, उघडलेली.