न भेटलेल्या माणसाचं सुतक

६ फेब्रुवारी २०२२, रविवार. सकाळी लता मंगेशकर गेल्याची बातमी आली आणि गोव्यातल्या कितीतरी घरांत त्या दिवशी जेवण कुणाच्या घशाखाली उतरेना. गोव्याला हक्क सांगायला कारणही होतं. वडील, नाट्यगायक मास्टर दीनानाथ, मंगेशीचे, आडनावच गावाचं. पण हळहळणाऱ्यांपैकी बहुतेकांनी लतादीदींना समोर कधी पाहिलं नव्हतं. त्यांचं वय ९२ होतं, त्या इस्पितळात आहेत हेही सगळ्यांना ठाऊक होतं. गाणी तर कुठेच गेली नव्हती, त्या रात्रीही रेडिओवर लागली होतीच. मग नेमकं गेलं काय?

‘लोक उगाच भावुक होतात’ असं म्हणून हा प्रश्न झटकणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. या दुःखाची मुळं मेंदूत खोल गेलेली आहेत आणि ती बऱ्यापैकी शोधली गेली आहेत.

१९५६ साली डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकी अभ्यासकांनी रेडिओ-टेलिव्हिजनवरच्या माणसांशी प्रेक्षकांचं जे नातं जुळतं, त्याला ‘पॅरासोशल’ असं नाव दिलं. नातं एकाच बाजूने वाढतं. आपण त्यांना ओळखतो, ते आपल्याला ओळखत नाहीत. पण आपल्या बाजूने ते नातं खोटं नसतं. रोज ठरावीक वेळेला घरात येणारा आवाज हा मेंदूच्या लेखी ओळखीचाच माणूस.

त्यातही गाणाऱ्याची गोष्ट वेगळी, कारण आवाजाला आपल्या मेंदूत खास जागा आहे. कानांच्या पातळीवर, टेम्पोरल लोबमध्ये, काही भाग इतर कुठल्याही ध्वनीपेक्षा माणसाच्या आवाजाला जास्त प्रतिसाद देतात, हे पास्कल बेलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली दाखवलं. त्याच्याही वीस वर्षं आधीच्या एका प्रयोगात तीन दिवसांपेक्षाही लहान बाळांना चोखायला बोंडी दिली होती आणि चोखण्याच्या लयीवर कुठला आवाज ऐकू येणार हे ठरत होतं. बाळांनी परक्या बाईपेक्षा आईचा आवाज ऐकू येईल अशीच लय धरली. चेहरा नीट दिसायला लागण्याआधी आपण आवाजाने माणूस ओळखतो.

आता नाट्यसंगीत ऐकतानाचा एक क्षण घ्या. गायक तान घेऊन फिरतोय, तबलजी वाट पाहतोय, आणि सम येण्याआधीच आपली मान हलायच्या तयारीत असते. मॉन्ट्रियलमध्ये व्हॅलोरी सलीमपूर आणि सहकाऱ्यांनी २०११ साली या अपेक्षेचाच माग काढला. ज्यांना संगीत ऐकताना अंगावर काटा येतो अशा लोकांना त्यांच्याच आवडीचं वाद्यसंगीत ऐकवलं आणि मेंदूची चित्रं घेतली. अंगावर काटा येतो त्या क्षणी डोपामाइन हे आनंदाशी जोडलेलं मेंदूतलं रसायन एका भागात स्रवत होतं, आणि त्याच्या आधी, ‘आता येणार’ या काही सेकंदांत, दुसऱ्याच भागात. अर्धा आनंद वाट पाहण्यातच असतो. एखाद्या आवाजाची अशी वाट आपण चाळीस-पन्नास वर्षं पाहिलेली असेल, तर तो आवाज नव्याने काही गाणार नाही हे कळल्यावर शरीर ते सहजी कसं मान्य करील?

शिवाय त्या गाण्यांना आपलं वय चिकटलेलं असतं. साधारण १० ते ३० या वयातल्या आठवणी म्हातारपणीही इतर काळापेक्षा जास्त आणि जास्त ठसठशीत आठवतात. मानसशास्त्रात हे पक्कं झालेलं आहे. मला त्याहून रोचक वाटतं ते कॅरल क्रुम्हान्सल आणि जस्टिन झुपनिक यांचं २०१३चं संशोधन. अमेरिकेतल्या विशीतल्या मुलांना त्यांनी वेगवेगळ्या दशकांतली लोकप्रिय गाणी ऐकवली. मुलांचा जीव स्वतःच्या काळातल्या गाण्यांवर होताच, पण आईवडील तरुण होते त्या काळातल्या गाण्यांशीही त्यांच्या आठवणी घट्ट जोडलेल्या निघाल्या. एका पिढीचं गाणं स्वयंपाकघरातून, गाडीतून दुसऱ्या पिढीच्या बालपणात उतरतं. लतादीदी गेल्या तेव्हा विशीतली मुलं का गलबलली, याचं मला सगळ्यात पटणारं उत्तर हेच. ती आपल्या आजीच्या सकाळींसाठीही रडत होती.

फ्रॉइडने १९१७ साली लिहिलं होतं की शोकाचं काम म्हणजे गेलेल्या माणसापासून मन हळूहळू सोडवून घेणं. बराच काळ हाच विचार चालला. १९९०च्या दशकात अभ्यासकांनी तो उलटा तपासला आणि दिसलं की नातं तोडण्यापेक्षा वेगळ्या रूपात चालू ठेवणं अनेकांना मानवतं. आपल्याकडे वर्षश्राद्ध, पुण्यस्मरण, गोव्यातल्या दैनिकांत दरवर्षी फोटोसकट छापून येणारी स्मरणं, ही सगळी त्याच वाटेवरची.

दुःखाबद्दल इतकं पुरे. मला जास्त काळजी विसरण्याची आहे.

२०२१ साली रॉबर्ट वेस्ट आणि सहकाऱ्यांनी २,३६२ प्रसिद्ध व्यक्तींच्या मृत्यूच्या एक वर्ष आधीपासून एक वर्ष नंतरपर्यंत इंग्रजी बातम्या आणि ट्विटर चाळले. मृत्यूच्या दिवशी उल्लेखांची लाट उसळते आणि झपाट्याने ओसरते. मात्र ओसरल्यानंतर उरणारी वाढ कलावंतांच्या बाबतीत सर्वांत मोठी असते आणि नेत्यांच्या बाबतीत सर्वांत लहान. त्याआधी, २०१९ साली, क्रिस्टियन कांदिया आणि सहकाऱ्यांनी सामूहिक विस्मरणाचं गणित मांडलं होतं. त्यांच्या मते स्मृतीचे दोन थर. एक तोंडातोंडी फिरणारा, जो लवकर आटतो. दुसरा पुस्तकं, ध्वनिमुद्रणं, संस्था यांत साठलेला, जो सावकाश आटतो. प्रसिद्ध व्यक्तींच्या चरित्रांबाबत पहिला थर २० ते ३० वर्षं टिकतो. गाण्यांबाबत जेमतेम ५.६ वर्षं. आकडे पाश्चात्त्य लोकप्रिय संगीताचे आहेत, ते आपल्याला जसेच्या तसे लागू करू नयेत. तरी चटका लावणारे आहेतच.

शास्त्रीय गायिका केसरबाई केरकरांचं पाहा. १८९२ साली फोंडा तालुक्यातल्या केरी गावात जन्म, अल्लादिया खाँसाहेबांची वर्षानुवर्षांची तालीम, ‘सूरश्री’ हा किताब. ५ सप्टेंबर १९७७ रोजी ‘व्हॉयेजर १’ यान उडालं. पृथ्वीवरचे आवाज आणि संगीत साठवलेल्या त्यावरच्या सोनेरी तबकडीत केसरबाईंनी गायलेली भैरवी आहे, जेमतेम साडेतीन मिनिटांची. अकरा दिवसांनी, १६ सप्टेंबरला, बाई गेल्या. २०१२ साली ते यान आंतरतारकीय अवकाशात पोचलं. एवढी दूरची स्मृती दुसऱ्या कुठल्याही गोमंतकीय आवाजाच्या वाट्याला आलेली नाही.

पण साडेतीन मिनिटं म्हणजे त्या गाण्याचा किती भाग? ग्रामोफोनच्या जुन्या तबकडीत मावेल एवढाच. सावकाश उलगडत नेलेला राग, आवाजाचा पल्ला, समोरच्या श्रोत्यांवर त्याचा झालेला परिणाम, यातलं तबकडीत फार थोडं उतरलं. बाकीचं ऐकणाऱ्यांच्या डोक्यात राहिलं, आणि डोकं ही काही कुलूपबंद पेटी नव्हे. उंदरांवरच्या २०००च्या एका गाजलेल्या प्रयोगाने दाखवलं की आठवण जागी केली की ती काही काळ कच्ची होते आणि पुन्हा नव्याने पक्की करावी लागते. म्हणून तीच मैफल दहाव्यांदा सांगताना थोडी वेगळी होते. सांगणारा खोटं बोलत नसतो.

मग टिकवायचं कसं? इथे २००६चा एक साधा प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. रोडिगर आणि कारपिकी यांनी विद्यार्थ्यांना उतारा वाचायला दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे. आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे पुढे, तेही चांगल्या फरकाने.

हे डोक्यात ठेवून आपल्या पुण्यतिथ्यांकडे पाहावं. तसबिरीला हार, दीपप्रज्वलन, तीन भाषणं: हे पुन्हा वाचणं झालं. तेवढ्यापुरतं बरं वाटतं. शिष्याने गुरूची चीज कागद न बघता मांडणं म्हणजे आठवणं. कला अकादमीत केसरबाईंच्या नावाने संगीत समारोह होतो, त्यात मला मानपत्रांपेक्षा पहिल्यांदाच मंचावर बसलेल्या मुलीचा ख्याल महत्त्वाचा वाटतो. आणि याहून जुनी, कुणी मुद्दाम न आखलेली सोय आपल्या गावांत आहेच: जत्रेची, काल्याची नाटकं. दिवसा दुकान किंवा नोकरी सांभाळणारा माणूस रात्री देवळापुढच्या मांडवात ‘मानापमान’चा धैर्यधर होऊन उभा राहतो. ऑर्गनवाला सूर धरून ठेवतो. पदाची पहिली ओळ संपते न संपते तोच पुढच्या रांगेतला म्हातारा मान डोलवतो किंवा चक्क नकारार्थी हलवतो, कारण दीनानाथांची जागा, सुराचं ते खास वळण, तिथे तशी नव्हती. दीनानाथ १९४२ साली, अवघ्या ४१व्या वर्षी गेले. त्यांना ऐकलेलं माणूस आता मिळणं कठीण. तरीही ती ‘जागा’ चुकली की कळते, कारण मधल्या पिढ्या ती आठवून गात आल्या.

केसरबाईंच्या बाबतीत मात्र अजून थोडा वेळ आहे. त्यांनी १९६०च्या दशकात जाहीर गाणं थांबवलं. तेव्हा विशीत असलेला श्रोता आज ऐंशीच्या पुढे आहे. तोंडातोंडी स्मृतीचा हा शेवटचा थर फोंडा-म्हापसा-मडगावच्या घरांतून आरामखुर्चीत बसलेला आहे. अशा माणसाला ‘बाई कशा गायच्या हो?’ असं विचारलं तर ‘दैवी!’ एवढंच उत्तर येतं. साक्षीदारांच्या आठवणींवर काम करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांनी यासाठी एक रीत घालून दिली आहे: आधी प्रसंग उभा करायचा. कुठली जागा, कोण सोबत होतं, उजेड कशाचा, तुम्ही किती दूर बसला होता. मग मध्ये न तोडता बोलू द्यायचं. त्याआधी बाईंचं एखादं ध्वनिमुद्रण लावलं तर उत्तमच, कारण ओळखीचं संगीत गतकाळातले प्रसंग वर आणतं. अल्झायमर झालेल्यांतही संगीताची स्मृती इतर आठवणींच्या मानाने बराच काळ शाबूत राहते, तेव्हा ‘बाबांना आता काही आठवत नाही’ म्हणून त्यांना वगळू नये. फोनवर रेकॉर्डिंग सुरू करून, त्यांची परवानगी घेऊन, तारीख आणि गावाचं नाव सुरुवातीलाच बोलून ठेवायचं. येत्या चतुर्थीला सगळे घरी जमतील, तेव्हा हे एका दुपारी होण्यासारखं आहे.