गव्हाला तूस नसतं

मळणी झाली की गव्हाचा दाणा उघडा होतो. सातूचं, म्हणजे बार्लीचं, तसं नाही. त्याचं तूस दाण्याला इतकं घट्ट चिकटलेलं असतं की मळणीतही सुटत नाही. अमेरिकेत घरच्या घरी गव्हाची बिअर करणाऱ्यांची सगळी झटापट या एका फरकाशी असते. (तिथे १९७८ साली जिमी कार्टर यांच्या सहीने संघराज्याच्या कायद्यात याला मोकळीक मिळाली. महाराष्ट्रात परवान्याशिवाय दारू बनवणं गुन्हा आहे.)

तयार माल्टचा पाक न वापरता थेट धान्यापासून सुरुवात करायची, तर आधी माल्ट हवं. माल्ट म्हणजे भिजवून, मोड आणून वाळवलेलं धान्य. नाचणीच्या सत्त्वासाठी आपण नाचणीला मोड आणतो तेच इथे. मोड येताना दाण्यातली अमायलेज ही स्टार्च तोडणारी विकरं (एन्झाइम्स) कामाला सज्ज होतात. १९ लिटर बिअरसाठी गव्हाचं आणि सातूचं माल्ट जवळपास निम्मं-निम्मं, मिळून साधारण साडेचार किलो घ्यायचं, भरडायचं आणि गरम पाण्यात कालवून ६६-६७ अंश सेल्सिअसला तासभर झाकून ठेवायचं. बीटा-अमायलेज स्टार्चच्या साखळीच्या टोकाकडून माल्टोज ही साखर तोडत जातं, अल्फा मधेच कुठेही घाव घालतं. पाणी चार अंश कमी असेल तर बीटाचं काम जास्त होतं आणि बिअर हलकी, कोरडी उतरते. जास्त असेल तर यीस्टला न पचणाऱ्या साखळ्या उरतात आणि बिअर तोंडाला भरदार लागते. मला ही पायरी सगळ्यांत सुंदर वाटते: पिठुळ पाणी डोळ्यांदेखत गोड होत जातं.

खरी कसोटी गाळताना. भांड्याच्या तळाशी जाळी असते, पण गाळण्याचं काम करतो तो सातूच्या तुसाचा थर. उघड्या गव्हाकडे तूस नाही, वर त्याची प्रथिनं आणि चिकट तंतू. सगळ्याची खळ होऊन बसते, धार थांबते. यावरचा उपाय कोकणातल्या कुणालाही ओळखीचा वाटेल: स्वच्छ धुतलेलं भाताचं तूस. दोन-चार मुठी मिसळल्या की वाटा मोकळ्या होतात, चवीला काही लागत नाही.

पुढे गाळलेल्या गोड पाण्याला तासभर उकळी, बेताचे हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी एका वेलीची फुलं), थंड करणं, मग यीस्ट.

जर्मन गव्हाच्या बिअरला लवंगेचा वास येतो, अमेरिकन गव्हाच्या बिअरला सहसा नाही. धान्यातलं फेरुलिक आम्ल दोन्हीकडे असतं. जर्मन गव्हाच्या बिअरचं यीस्ट त्याचं रूपांतर लवंगी वासाच्या रेणूत करतं. बिअरच्या पिंपांत पिढ्यान् पिढ्या वाढलेल्या इतर बहुतेक यीस्टमध्ये मात्र त्या कामाची जनुकं मोडलेली आहेत. अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या कर्ट आणि रॉब विडमर या भावांनी १९८६ मध्ये असंच लवंगी वास न देणारं यीस्ट वापरलेली बिअर तयार झाल्यावर न गाळता, गढूळच विकायला काढली. त्या गढूळपणात निलंबित यीस्ट होतं, आणि आधी धान्य गाळताना छळणारी गव्हाची प्रथिनंही.