स्कोप घेताना आधी टरेट फिरवून पाहा

एअर रायफलसाठी स्कोप, म्हणजे नेमाची दुर्बीण, घेणारा बहुतेक वेळा पहिल्यांदा विचारतो, ‘किती पट मोठं दिसतं?’ मला वाटतं, पहिला प्रश्न दुसराच हवा. वरचा टरेट, म्हणजे नेम सरकवायचं फिरतं बटण, वीस क्लिक पुढे नेऊन वीस क्लिक मागे आणला, तर नेम होता तिथेच परत येतो का?

स्कोपच्या नळीत आणखी एक बारीक नळी असते. तिचं डोळ्याकडचं टोक जागेवर धरलेलं असतं. पुढच्या टोकावर टरेटचे दोन स्क्रू टेकतात, एक वरून आणि एक बाजूने, आणि समोरून स्प्रिंग तिला त्या स्क्रूंवर दाबून ठेवते. टरेट फिरवला की स्क्रू खाली-वर होतो, नळी किंचित कलते आणि नेम सरकतो. बोटांना लागणारा क्लिक म्हणजे खाचेत बसणारी छोटी गोळी किंवा पट्टी. क्लिक कितीही कडक वाजला तरी स्प्रिंग कमकुवत असेल तर नळी स्क्रूमागे नीट येत नाही. स्प्रिंगच्या एअर रायफलमध्ये तर पिस्टन धक्का दोन्ही दिशांना देतो, म्हणून तिथे साधा स्कोप लवकर ढिला पडतो.

क्लिक मोजायच्या पद्धती दोन. पहिली मिनिटाची: इथे एक मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग, एक किलोमीटरवर सुमारे 29 सेंटिमीटर. मोठा असोला नारळ तेवढ्या अंतरावरून जेवढा दिसेल तेवढा हा कोन. पाव मिनिटाचा क्लिक 100 मीटरवर नेम 7.3 मिलिमीटर हलवतो, 10 मीटरवर जेमतेम 0.7. छर्राच 4.5 मिलिमीटर जाड, त्यामुळे 10 मीटरसाठी याहून बारीक क्लिकला जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही. दुसरी मिलची: एक मिल म्हणजे अंतराचा हजारावा भाग, म्हणून 0.1 मिलचा क्लिक 100 मीटरवर बरोबर 1 सेंटिमीटर. मीटरमध्ये विचार करणाऱ्याला मिल सोपी. मात्र आतल्या रेघा मिलच्या आणि टरेट मिनिटाचा, असा स्कोप टाळाच. दर वेळी 3.44 ने गुणत बसावं लागतं.

परीक्षा गोळी न झाडताही होते. स्कोप पकडीत घट्ट आवळा आणि 50 मीटरवर उभी पट्टी लावा. 10 मिल फिरवल्यावर नेम 50 सेंटिमीटर सरकायला हवा, आणि परत फिरवल्यावर मूळ रेघेवरच यायला हवा. बाजूचा टरेट टोकाला नेऊनही हे करून पाहा. गोल नळीत गोल नळी असल्यामुळे कडेला वर-खाली हलायला जागा कमी उरते, आणि कमजोर यंत्रणा तिथेच चुकते.

उघडे टरेट दिसायला रुबाबदार, पण ते प्रत्येक फेरीत अंतर बदलणाऱ्यांसाठी. आपल्याकडे पणजीपासून काणकोणपर्यंत खारट वारा आणि चार महिने दमट हवा. एकाच अंतरावर कागदी लक्ष्य साधणाऱ्याने टोपणवाले टरेट घ्यावेत, आत रबरी कडी आहे ना ते पाहून. उघडाच हवा असेल, तर कुलूप होणारा घ्या. पिशवीत घासून तो आपोआप फिरत नाही.